फुकटची गोळी

भित्र्या माणसाला आपल्याकडे सरळ सांगतात, "जा, बांगड्या भर." वाशीमकडच्या रिठद गावच्या सुलतानबीसमोर मात्र हे बोलायची सोय नाही. "भरून तर पाह्य एकडाव," ती म्हणते. "अंगठ्याचं हाडूक दाबून चुडा चढवते ना मी, तवा मिशीवाल्यालेबी माय आठवते." आणि त्यात खोटं काही नाही. काचेची नेमकी बसणारी बांगडी चढवायची तर हात आधी रडकुंडीला येतो. सुलतानबी कित्येक वर्षं पंचक्रोशीतल्या बायकांचे हात असे रडवते आहे, आणि बायका पुन्हा तिच्यापुढेच हात धरतात.

ती मन्यारीण. धंदा सासूकडून आला. सासू डोक्यावर टोपली घेऊन पायी हिंडायची. सुलतानबी जीपने हिंडते, तेही पुढच्या सीटवर, मांडीवर बांगड्यांची पेटी घेऊन. मालेगाव रस्त्यावरचे जीपवाले ती जागा तिच्यासाठी निमूट मोकळी ठेवतात. प्रत्येकाच्या बायकोचा हात तिच्या हातातून गेलेला, तेव्हा घरातली कोणती गोष्ट तिला ठाऊक असेल याचा नेम नाही. चुडा भरताना बायका बोलतात. हात अडकलेला असतो, तोंड तेवढं मोकळं असतं. कोणाची सून रुसली, कोणाच्या सासऱ्याचं पोट फुगलं, कोणाचं ऑपरेशन कुठं झालं आणि त्याला काय लागलं, हे सगळं सुलतानबीच्या कानावरून जातं आणि जाताना तिथंच मुक्काम करतं.

धंद्यातला तिचा एक कायदा गावोगाव पाठ आहे. बांगडी उधार मिळेल, फुकट मिळणार नाही. नवी नवरी गरीब घरची असली तर ती पसाभर तूर घेईल, सुगी होईस्तोवर थांबेल, पण काहीतरी घेईलच. "फुकटची बांगडी हातात टिकत नाही माय," असं म्हणत ती पदर पुढे करते. उधारी वसूल करण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नाही. न भांडता, हसत हसत, दारात चहा पिऊन ती पैसे घेऊन उठते.

तिचा नवरा जमशेद याच्या अगदी उलट. कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, बाजाराच्या दिवशी रिसोडला पाल टाकून बसतो. दोघांच्या वाट्याचं बोलणं अल्लाने एकदमच देऊन टाकलं असावं आणि ते सगळं सुलतानबीनेच उचललं असावं. जमशेद मान खाली घालून काम करणारा. कोणाचे चार आणे ठेवायचे नाहीत आणि कोणापुढे हात पसरायचा नाही, एवढीच त्याची फुशारकी.

असा हा माणूस गेल्या वर्षी भरबाजारात छाती धरून कुकरांच्या ढिगात आडवा झाला. शेजारच्या पालवाल्यांनी उचलून गाडीत घातलं. तिथून वाशीम, वाशीमहून अकोला. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची नळी बंद झाली आहे, आजच स्प्रिंग टाकावी लागेल. खिडकीवरच्या माणसाने अनामत रक्कम सांगितली. ती ऐकून सोबत आलेल्या दिराने तिथंच बसकण मारली. "भाबी, वावर तर नाही आपल्याले. काय इकायचं?"

सुलतानबीचं डोकं मात्र जागेवर होतं. मालेगावकडच्या एका तांड्यावरची ललिताबाई तिला आठवली. ललिताबाईच्या नवऱ्याची, धनसिंगची, अशीच गत झाली होती, आणि हात दाबला जात असताना तिने सांगितलं होतं, "सुलतानबी, मोठ्या दवाखान्यात गेलं की पयले पैशाच्या खिडकीवर जायाचंच नाही. पयले इचारायचं, योजनेचा मानूस कुठं बसते?" सुलतानबीने तो प्रश्न इतक्या मोठ्याने विचारला की सगळा दवाखाना मागे वळला. योजनेचा माणूस, म्हणजे सरकारी मोफत उपचाराचे कागद बघणारा, ज्याला आरोग्यमित्र म्हणतात तो, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याने रेशनकार्ड आणि आधारकार्ड मागितलं. दोन्ही बांगड्यांच्या पेटीतच होती, कारण त्यांच्या घरात उंदीर न शिरणारी तेवढी एकच जागा. पेटी तिने घरून निघतानाच दिराच्या हाती देऊन आणली होती. संध्याकाळपर्यंत स्प्रिंग बसली आणि पदरचा पैसा गेला नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. सुलतानबी रडलीही नाही, तिने नुसतं विचारलं.

खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, एक दिवसही चुकवायची नाही, चुकवली तर स्प्रिंग पुन्हा बंद होईल. गोळ्या रिसोडच्या दुकानातून येऊ लागल्या. त्यांचा खर्च असा की जमशेदची महिन्याची अर्धी कमाई त्यातच जायची, आणि कमाई तरी आता कुठे पूर्वीची होती? जमशेद पाकीट डब्यामागे सरकवून ठेवायचा. पण बांगड्यांचे डझन मोजण्यात आयुष्य गेलेल्या बाईला पाकीट रिकामं व्हायला उशीर लागतोय हे कळणार नाही? हातच्या काकणाला आरसा कशाला! जमशेद एक दिवसाआड गोळी खात होता.

"काहून?" तिने विचारलं.

"माह्यामागं किती घालवशीन?" तो म्हणाला, आणि शेगडीची जाळी घासत राहिला.

ते एवढंसं वाक्य तिला फार लागलं. हा माणूस आपल्याला हिशेबातून कमी करायला निघाला आहे, हे तिला दिसलं, आणि भीती वाटली. अशी भीती तिला अकोल्यातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पेटी न घेता निघाली. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरवाल्यांच्या खोलीत हीच गोळी मिळते, हेही तिला कोणत्यातरी हाताने सांगितलेलं होतं. तिने अकोल्याचा कागद तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "बाई, दुकानातली अन् तुमची गोळी एकच का? खरं सांगा." बाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध तेच, तेवढ्याच ताकदीचं. सुलतानबी महिनाभराच्या गोळ्या घेऊन विजयी मुद्रेने घरी आली.

जमशेदने पाकीट उलटंपालटं केलं. "कितीले?"

"फुकट."

त्याने ते फळीवर ठेवून दिलं. "गावभर तूच सांगतं ना, फुकटची बांगडी टिकत नाही? मंग फुकटची गोळी कशी लागू होईन?"

उभ्या पंचक्रोशीत तिला निरुत्तर करणारा माणूस नव्हता. तो निघाला घरातच, आणि तोही तिच्याच शब्दांनी! पाकीट फळीवर राहिलं, आणि जमशेद दुकानातली गोळी दिवसाआड खात राहिला. सुलतानबी फिरतीवर जाई, पण चुडा भरता भरता तिचं लक्ष उडे. एका पोरीची बांगडी हातातच फुटली, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

उत्तर सापडलं ते मालेगावात, किराणा दुकानात. सवयीप्रमाणे ती साबणाच्या भावात घासाघीस करत होती. दुकानदार वैतागला. "चाची, माह्या नफ्यातून कमी करतो बाप्पा. पन ह्यात सरकारचा हिस्साबी हाय. थो मले भरावाच लागते, अन् थो तुमच्याकडूनच घेतो मी."

"माह्याकडून? मी कवा देला सरकारले पैसा?"

"रोजच देता. साबन घ्या, तेल घ्या, दात घासाची पेस्ट घ्या."

सुलतानबी साबण हातात धरून उभी राहिली. मग इतकी हसली की दुकानदाराला वाटलं, बाईला ऊन लागलं. त्या दिवशी तिने घासाघीस अर्ध्यावर सोडली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी येऊन तिने पेटीसुद्धा खाली ठेवली नाही. "अजी, कुकरची रबर रिंग आनता ना तुमी ठोकच्या दुकानातून? तिच्यावर सरकारचा हिस्सा असते का नाही?"

"असते. बिलात लागून येते."

"अन् शिट्टीवर?"

"शिट्टीवरबी असते."

"लगन झाल्यापासून किती शिट्ट्या बसवल्या तुमी? किती साबन घासले मी? थो पैसा कुठं गेला? पोट्ट्यायच्या शाळेत गेला, रस्त्यात गेला, अन् थ्या गोळ्यायत गेला. आपली उधारी हाय थे, जमशेदमिया! आपन पयलेच देऊन बसलो. म्या फुकट नाही आनल्या, वसूल करून आनल्या."

जमशेदने हातातला पाना खाली ठेवला. तो विचार करू लागला म्हणजे त्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तशा पडल्या. उधारी बुडवणं त्याला पाप वाटे आणि आपली बुडू देणं मूर्खपणा. मग त्याने विचारलं, "शेगडीच्या बर्नरवर तर जास्तच असते, नाही?"

"तर!" सुलतानबी म्हणाली. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्याने फळीवरचं पाकीट काढलं आणि पाण्याचा तांब्या ओढला.

त्यानंतर दर महिन्याला सुलतानबी गोळ्या आणू लागली. जमशेदही सोबत येई, तपासणीपुरता. खिडकीच्या रांगेत मात्र ती उभी राही आणि तो बाहेर झाडाखाली, ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून चपलेकडे बघत. गोळी तो रोज खाई, पण तिने समोर ठेवली म्हणून. सुलतानबीने पाणी द्यावं आणि त्याने गिळावी. आपण नसलो तर हा काय करील, हा प्रश्न तिच्या मनातून जात नव्हता.

तो दिवस लग्नसराईत उजाडला. ललिताबाईच्या लेकीचं, रीताचं लग्न. सगळ्या तांड्याला चुडा भरायचा होता. ज्या बाईच्या एका वाक्याने जमशेद वाचला तिला नाही म्हणणं सुलतानबीला शक्य नव्हतं, आणि घरातल्या गोळ्या त्याच दिवशी संपल्या होत्या. "मी जातो," जमशेद म्हणाला. तो असं म्हणाला याचंच तिला नवल वाटलं.

परतीच्या जीपमध्ये मागे बसलेली एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "दवाखान्यात आज बीपीच्या खोलीत गोळ्याच नाही आल्या वं. समद्यायले वापस लावलं." सुलतानबीला वाटलं, आता हा माणूस मुकाट्याने वळला असेल, कोणाला एक शब्द विचारला नसेल. घरी बसला असेल, आणि आपण विचारलं तर म्हणेल, राहू दे. तिने ड्रायव्हरला दोनदा गाडी जोरात हाकायला सांगितलं.

जमशेद अंगणात कुकर उघडून बसला होता.

"नाही भेटल्या ना गोळ्या?" ती दारातूनच म्हणाली.

"खिडकीवरचा म्हने, पुरवठा नाही आला, पुढच्या हप्त्यात या." जमशेदने रिंग बोटाने चाचपली. "म्या म्हटलं, हप्ताभर काय छातीले कुलूप लावू?"

सुलतानबी जागच्या जागी थांबली.

"मंग डॉक्टरीनबाईकडं गेलो. बाहेरचा पोट्टा म्हने, बाई आता भेटत नाही. म्हटलं, बसतो. बसलोच. बाई जेवाले निघाली, तवा उभा राह्यलो समोर. म्हटलं, बाई, माह्या छातीत स्प्रिंग हाय, एक दिवस चुकवाचं नाही असं लेहून देलं हाय, अन् मले चुकवाचं नाही. थ्यायनं दवाखान्याच्या खर्चातून बाहेरच्या दुकानातून आनून देल्या. रांगेतल्या बाकीच्यायलेबी देल्या मंग."

एवढं लांब बोललेला जमशेद सुलतानबीने लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. खिशातून त्याने पाकीट काढून दाखवलं. एका गोळीची जागा रिकामी होती. ती कोणी दिली नव्हती, त्याने स्वतःच घेतली होती. तेव्हा तिला कळलं की तिच्या नवऱ्याला जगायचं आहे. अकोल्यात रडली नव्हती ती सुलतानबी अंगणात पेटी ठेवून, पदर तोंडाशी धरून रडली.

जमशेद गोंधळला. त्याला वाटलं, गोळ्यांच्या फेऱ्यांनी हिचा धंदा बुडतो म्हणून रडते आहे. "पुढच्या खेपेले तू नको येऊ दवाखान्यात," तो म्हणाला. "लग्नसराई हाय. मी जातो ना माह्या गोळीले."