तणमोरासाठी राखलेला धुरा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या मामांचं, आणि धुऱ्यावरून उलटं भांडण करणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस राळेगाव तालुक्यात झाला नाही. दोन शेतांमधला धुरा कोरून लोक आपलं शेत वाढवतात. मामा आपलं शेत कोरून धुरा वाढवत.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गावातली शाळा लहान, म्हणून मामांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि सायकलच्या दांडीवर बसवून राळेगावच्या शाळेत पोचवलं. सायकल निघे वेळेवर, पण पोचे क्वचितच वेळेवर. रस्त्यात घोयरा सरडा आडवा आला की मामा थांबत. हा रंग बदलणारा प्राणी एक पाय उचलतो, पुढेमागे झुलत त्यावर विचार करतो, आणि पुष्कळदा तो पाय पुन्हा होता तिथेच ठेवतो. मामा तेवढ्यात मागून येणारी एसटीही हात दाखवून थांबवत. एकदा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय झालं भाऊ, मेलं का कोणी?" मामा शांतपणे म्हणाले, "मरू नाही म्हणूनच थांबवली." शाळेत उशिराचं कारण मी 'सरडा' असं सांगत असे आणि गुरुजी ते मान्य करत, कारण ते मामांना ओळखून होते.

माणसांच्या कार्यातही मामांच्या तोंडी हाच विषय. मामेबहिणीला पाहायला पाहुणे आले. मुलाचं शिक्षण, शेती, विहिरीचं पाणी हे सगळं विचारायचं सोडून मामांनी विचारलं, "तुमच्याकडं गिधाडं शेवटचे कधी दिसले होते?" पाहुण्यांचा पोह्यांचा घास हातातच राहिला. आतून मामी म्हणाल्या, "अहो, लगनाचं बोला ना!"

"लगनाचंच बोलून राह्यलो. ज्या गावात पाखरू टिकत नाही, तिथं पोरगी कायले द्यायची?"

सुदैवाने मुलाच्या आजोबांना गिधाडं आठवत होती. मेलेल्या ढोरावर ती कशी उतरत आणि बघता बघता आभाळ कसं रिकामं झालं, यावर दोघे पोहे थंड होईपर्यंत बोलले. जनावरांना टोचायच्या एका औषधाने ती संपली, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. लग्न मात्र त्या पोह्यांवरच ठरलं.

पण मामांचा खरा जीव तणमोरात. लहानपणी त्यांनी तो आपल्याच शेतालगतच्या गवतात पाहिला होता. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात नर काळाभोर होतो, डोक्यामागे तुरे येतात, आणि मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. आता साऱ्या देशात तो मोजकाच उरलाय. त्याला माळरानाचं गवत लागतं आणि आपण त्या गवताला पडीक म्हणतो. "घरच नाही ठेवलं, तं पाहुणा येईन कुठं?" असं म्हणून मामांनी धुऱ्यालगतचे कपाशीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, पेरायचे सोडले.

तणमोर कसा उडतो, हे मामा सांगत नसत, करून दाखवत. हात कमरेशी, मान मागे, आणि टुणकन. मी बी.एस्सी. झाल्याचं कळलं तेव्हा अख्ख्या आळीदेखत त्यांनी अंगणात ती उडी मारली. माझा तेवढाच सत्कार झाला आणि तो पुरला.

शेजारच्या शेताचे नामदेवभाऊ मात्र अस्वस्थ होते. कोणी फुकट जमीन सोडतं का? यात नक्की डाव आहे असं समजून त्यांनी मोजणी आणली. निघालं उलटंच: नामदेवभाऊंचाच एक तास मामांच्या हद्दीत होता. मामा म्हणाले, "मले नको. गवताले द्या." धुरा आणखी रुंद झाला. तेव्हापासून नामदेवभाऊ दर उन्हाळ्यात म्हणत, "पेटवतो एक दिवस तुमचं जंगल." पेरणीआधी सगळेच धुरे पेटवतात, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. मामा उन्हाळाभर धुऱ्यावर बसून राहत.

यंदा ते बसू शकले नाहीत. नातवंडांना तणमोर दाखवताना उडी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ते यवतमाळला मुलीकडे पलंगावर आहेत. मी भेटायला गेलो तेव्हा पायाचं सोडून म्हणाले, "धुरा पाहून ये. अन् फोनवर नको सांगू, लिहून पाठव. हवेतलं हवेत जाते."

मी गेलो. चहूकडे धुरे जळून काळे पडले होते. मामांच्या गवताला कोणी हात लावला नव्हता. नामदेवभाऊ मला पाहून गडबडले.

"काडी आणली होती म्या. पण बुढा पलंगावर पडला, त्याच्या माघारी जाळलं तं गावात तोंड कोणाले दाखवू?"

"आणि हा वखराचा पट्टा?" मी विचारलं. गवताभोवती दोन हात जमीन वखराने खरवडून स्वच्छ केलेली होती, दुसऱ्याची आग आत येऊ नये अशी.

"वखर रिकामाच होता," ते म्हणाले आणि बैल सोडायला निघून गेले. बैल तर सोडलेलेच होते.

त्या रात्री मी मामांना लिहिलं:

ती. मामा,

सा. न. धुरा जसाच्या तसा आहे. खात्री पटावी म्हणून पाकिटात थोडी कुसळं घातली आहेत, पाकीट मामींना उघडू द्या, अंथरुणात सांडली तर टोचतील. आत शिरलो तर तितराची जोडी पायाजवळून उडाली, केवढा दचकलो. राखण नामदेवभाऊ करतात, पण त्यांना तसं म्हणू नका, ते भांडतील. तणमोर दिसला नाही. तुम्हाला खोटं लिहिणार नाही. त्याचा मोसम पावसाळ्यातला, आणि इतक्या वर्षांत तो आला नाही हेही मला माहीत आहे. तरी यंदा श्रावणात सुट्टी काढून मी येतो. तुमच्या जागेवर बसतो. तुम्ही नीट चालायला लागा आणि कितीही वाटलं तरी उडी मारू नका. आता ती त्याची त्यालाच मारू द्या.

तुमचा भाचा