हीलरचा क्लास

मुदखेडच्या आनंदराजला उद्या काय होणार ते सगळं कळतं. फक्त ते होत नाही, एवढीच अडचण आहे.

दिवसा तो नांदेडला एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसतो आणि यंदा कट-ऑफ कितीवर लागेल ते पालकांना ठामपणे सांगतो. संध्याकाळी पॅसेंजरनं घरी येतो, भाकरी खातो, आतल्या खोलीचं दार लावून घेतो आणि 'ऑर्मंडेल' नावाच्या ऑनलाइन खेळावर जगाला मार्गदर्शन करतो. जग म्हणजे त्याच्या चॅनेलवरचे तीन-चारशे लोक. खेळात राक्षस आहेत, तलवारी आहेत, जादूची बेटं आहेत. खेळणाऱ्यानं आधी आपला क्लास निवडायचा, म्हणजे योद्धा व्हायचं की चेटक्या, ते ठरवायचं. दोन-तीन वर्षांनी कंपनी खेळाचा नवा भाग काढते आणि त्यात एखादा नवा क्लास येतो. तो कुठला, हे कंपनीच्या आधी सांगणं हे आनंदराजनं आपलं जीवितकार्य मानलेलं आहे. कट-ऑफचा अंदाज विचारणारा पालक शहाणा आणि क्लासचा अंदाज करणारा आनंदराज रिकामटेकडा, हा न्याय कुणी ठरवला कोण जाणे.

अर्थात त्याचा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही. समुद्री चेटकीण येणार म्हणाला, तेव्हा एक टोपी आली. सर्पयोद्धा येणार म्हणाला, तेव्हा काहीच आलं नाही. गडी डगमगला नाही. "अंदाज बरोबर होता मित्रांनो," तो पुढच्या व्हिडिओत म्हणाला, "कंपनीनं ऐनवेळी बदललं." इतकं सोयीचं वाक्य पुढाऱ्यांच्या हाती अजून कसं लागलं नाही, याचंच नवल वाटतं.

यंदा कंपनीनं एक झलक सोडली. धुकं, धुक्यातून पुढे आलेला एक हात, हातात झाडाचा पाला. बाकी काही नाही. आनंदराजनं त्या पाल्यावर तीन लांबलचक व्हिडिओ केले. पाला म्हणजे औषध, औषध म्हणजे वैद्य, तेव्हा हीलरचा क्लास येणार. एकानं व्हिडिओखाली विचारलं, पाला शेळीसाठी कशावरून नसेल? आनंदराजनं त्याला चॅनेलवरून काढून टाकलं. अभ्यास न करता बोलणाऱ्या माणसांचा त्याला मनस्वी राग आहे.

हे सगळं त्याची आई पंचशीला दाराबाहेर बसून ऐकत असे. ती अंगणवाडीत मदतनीस. मटकी निवडता निवडता तिच्या कानावर पडायचं, "नवा क्लास येतोय मित्रांनो, हीलरचा. तयारीला लागा." हीलर म्हणजे काय, हे तिनं एकदा सेविकाबाईंना विचारलं. बरं करणारा, असं त्या म्हणाल्या. म्हणजे डॉक्टर. म्हणजे आपलं पोरगं डॉक्टरकीचा क्लास काढून राहिलं!

यात तिची चूक काढायची सोय नाही. नांदेड-लातुरात क्लास या शब्दाला दुसरा अर्थच नाही. शिवाय याच पोराला तिनं डॉक्टर करायचं म्हणून लातूरला दोनदा रिपीटरच्या बॅचला घातलं होतं. दोन्ही वेळा तो खाली मान घालून परत आला. तेव्हापासून गल्लीत त्याचा विषय निघाला की ती पाणी आल्याचं निमित्त करून उठायची. आता ती आपणहून विषय काढू लागली.

आनंदराजला हे कळलं ते शेजारच्या हसीनाआपामुळे. "आनंद, हमारी उमैमा का नाम पहले लिख लेव," आपानं त्याला रस्त्यात धरून आपल्या पोरीसाठी सांगितलं. तो तसाच घरी आला, आईला खरं सांगायचं म्हणून. आई ओट्यावर चार बायकांत बसली होती आणि हसत होती. तो मुकाट्यानं आत गेला. आईला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं म्हणजे त्यालाही ते सुखाचं वाटत होतं.

मग स्थळ आलं. नायगावचे व्यंकटी, निवृत्त ग्रामसेवक. त्यांची मुलगी बुद्धप्रिया नांदेडला नर्स. नर्स सून आणि डॉक्टरकीचा क्लास! पंचशीलाला यापुढे काही मागायचं उरलं नव्हतं. रविवारी व्यंकटी मुलगा बघायला आले, जयभीम झाला, चहा आला.

"क्लास कुठं काढून राहिलात? नांदेडात का लातुरात?"

"ऑनलाइन आहे मामा," आनंदराज म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"बरं केलंत. भाडं वाचलं. पोरं किती हायत?"

"वीसेक लाख असतील. जगभरातली."

व्यंकटींनी कप खाली ठेवला. "आन् फेल झालं तर?"

"परत पहिल्यापासून. मेलं तरी उठून उभं राहतं. कुणी काही म्हणत नाही."

"असं लातुरात पायजे व्हतं," व्यंकटी म्हणाले. पंचशीला पदरानं डोळे टिपत होती.

तेवढ्यात आनंदराजचा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. कंपनीनं घोषणा केली होती. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"हीलरचा क्लास येत नाही," तो भान विसरून म्हणाला. "शेळ्या राखणाऱ्याचा येतोय."

"शेळ्यांचा क्लास?" व्यंकटींनी विचारलं. आयुष्यभर ग्रामसेवक असूनही ही योजना त्यांच्या कानावर आलेली नव्हती.

मग मात्र त्यानं सगळं सांगितलं. खेळ सांगितला, बेटं सांगितली, पाला सांगितला. आईकडे न बघता सांगितलं. व्यंकटी भला माणूस. त्यांनी चहा संपवला, पुन्हा जयभीम केला आणि "विचार करून कळवतो" म्हणाले. लग्नाच्या बोलीत याचा अर्थ काय, ते लहान पोरालाही समजतं.

पंचशीला उठली. तिनं कप विसळले, सतरंजी झटकून घडी घातली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं आनंदराजला वाटलं. तो आतल्या खोलीत जाऊन उभा राहिला, आणि बाहेर हसीनाआपाचा आवाज आला.

"क्या ठरा, पंचशीलाबाई? और उमैमा का नाम लिखे क्या?"

आता आई काय बोलेल, याचा अंदाज त्याला करवेना.

"क्लास रद्द झाला आपा," आई म्हणाली. आवाज जरा घोगरा होता, पण गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा होता. "माझ्या लेकराचा अंदाज बरोबर व्हता. कंपनीनं ऐनवेळी बदललं."