मालकाले इचारा

"मालकाले इचारा," हे तिचं ठरलेलं उत्तर. गोंदियाच्या बिडी कारखान्याच्या पडवीत आम्ही बायका मांडीवर सूप घेऊन ओळीनं बिड्या वळत बसायचो. ती माझ्या शेजारी. बांगडीवाला आला की सगळ्याजणी हात पुढे करायच्या. ही पान कातरता कातरता म्हणायची, "मालकाले इचारा."

मालक म्हणजे तिचा नवरा. कारखान्याच्या मालकाला ती शेठ म्हणायची.

बिड्या ती वळायची आणि शनिवारी मजुरी घ्यायला तो यायचा, इस्त्रीचा सदरा घालून. हिशेब ठेवणारा मुनशी पैसे त्याच्याच हातात द्यायचा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "बाई के हाथ में दूँ, तो कल इसका आदमी मुझसे लड़ेगा. रिवाज है." तिचा बापही लग्नात तिला सांगून गेला होता, सगळं मालकाला विचारूनच करायचं. नवरा काहीच करत नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. दिवसभर स्टेशनासमोरच्या हॉटेलात बसून तो देशाचा कारभार पाहायचा. तांदळाच्या पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला असे. मीठसुद्धा तिला मागून घ्यावं लागे.

एकदा तिची लहान मुलगी तापानं फणफणली. नवरा मजुरी खिशात घालून मित्रांबरोबर डोंगरगडला गेलेला. ती मुलीला मांडीवर घेऊनच कामाला आली. सुपाला जागाच उरली नव्हती. आम्ही बायकांनी वर्गणी काढून मुलीला डॉक्टरकडे नेलं. पोर वाचली. डॉक्टरच्या ओट्यावर हिनं पोरीला पदरात गुंडाळून घेतलं. मग म्हणाली, "आता सारंच इचारतो मालकाले."

मला वाटलं, काळजीनं हिचं डोकं फिरलं.

नवरा परतला, तशी ती जेवणाच्या सुट्टीत थेट त्या हॉटेलात गेली. मी सोबत होते. चहा पिणाऱ्या माणसांत ती पदर नीट करून उभी राहिली.

"का जी, मीठ संपलं. आणू का?"

"हे इथं कायले इचारून राहिली?"

"पैसे तुमच्याजवळ हायेत म्हणून."

दुसऱ्या दिवशी केरसुणी. मग काडेपेटी. आवाज इतका नम्र, की कुणाला खोट काढता येऊ नये. एके दिवशी म्हणाली, "तुमचा लंगोट इरला जी. ठिगळ लावू, का नवा घेता?" त्या दिवशी हॉटेलात कुणाच्या तरी नाकातून चहा आला. पुढे तिच्या येण्याच्या वेळेला बाकावर जागा मिळेना. हॉटेलवालाच विचारायचा, "भौजी, आज क्या पूछना है?"

"घरी मारत नाही का गं?" मी विचारलं.

"हात उचलला होता. मी म्हटलं, कोणत्या गालावर मारता, ते बी तुमीच सांगा." ती हसली. पण सुपातला तिचा हात थांबला होता. मग हळूच म्हणाली, "भेव लागते वो. पर पोरीच्या तापाचं जास्त लागलं होतं."

पुढच्याच शनिवारी तो कारखान्यात आला आणि खाली पाहत मुनशीला म्हणाला, "हिच्याच हातात देत जा. पर हिले म्हणा, हॉटेलात येऊ नको."

मुनशीचा नोटा धरलेला हात अजून त्याच्याकडेच होता. ती पदर सावरत म्हणाली, "मुनशीजी, मालक सांगून राहिले. आयका त्यायचं."

नवरा काही सुधारला नाही. घरातले डबे, उशा चाचपत राहायचा. म्हणून तिचे पैसे माझ्याकडे हळदीच्या डब्यात असत. बाजारात तिच्या पिवळ्या नोटा सगळे ओळखायचे.

पुढे आमचं बिऱ्हाड नागपूरला हललं. त्याआधी मी तिला शेवटची पाहिली ती नागऱ्याला, महाशिवरात्रीच्या जत्रेत. लेकीला घेऊन ती लाकडी पाळण्यात बसली होती. खाली नवरा दोघींच्या चपला हातात धरून उभा. पाळणा थांबला, तसा तो म्हणाला, "उतर ना वो आता."

तिनं कमरेच्या बटव्यातून नाणं काढून पाळणेवाल्याच्या हातावर ठेवलं, लेकीला जवळ ओढलं, आणि पाळणा पुन्हा वर गेला.