सोयरिकीच्या घरी वजनकाटा

लोक रोज काय खातात आणि त्यातून त्यांना कोणते आजार जडतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका टीममध्ये मी काही वर्षं होते. ऐकायला भारदस्त वाटतं. काम असं, की सकाळी सकाळी कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसायचं, कच्चे तांदूळ मोजायचे, शिजलेला भात मोजायचा, आणि जेवायला बसलेल्या माणसाचं ताट त्याच्यासमोरून उचलून काट्यावर ठेवायचं. इतकं आगाऊ काम जगात दुसरं नसेल. मला ते भयंकर आवडायचं.

मी सापगावची. माझ्याबरोबर वजनकाटा सांभाळणारे एक काका असायचे. वयानं मोठे, बोलणं कमी, आणि काटा शून्यावर आल्याशिवाय श्वासही न सोडणारे. एका मंगळवारी आम्ही दोघं मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. ओळख करून द्यायला गावची आशाताई येणार होती, पण ती एका बाळंतिणीबरोबर दवाखान्यात अडकली. म्हटलं, आपल्याला काय तोंड नाही? आपणच सांगू.

आता गंमत अशी, की त्याच दिवशी त्या घरी मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. मुलगा-मुलीची पसंती झाली होती, घर पसंत पडलं की सुपारी फुटणार होती. आम्हीही येणार आहोत हा निरोप आशाताईनं मुलाला दिला होता. पण लग्न ठरत आलेल्या मुलाच्या डोक्यात असले निरोप टिकतात होय?

अंगण लख्ख सारवलेलं. मुलाची आई, पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या साडीत पुढे आली. मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आम्ही अभ्यासाला आलोय. घरात काय शिजतं, कोण किती खातं, सगळं बघायचंय."

"बघा ना बाय, सगळं बघा. तुमची पोर देताय, बघायला नको?" असं ती म्हणाली असती तर तिथंच उलगडा झाला असता. पण ती नुसतं "बघा ना बाय, सगळं बघा" म्हणाली, आणि आमची वरात सुरू झाली.

खरं सांगते, आमच्या प्रश्नावलीत आणि सोयरिकीच्या चौकशीत फरक तो काय? जमीन किती? वर्षाचा भात घरचा पुरतो का? संडास आहे का? दारू, तंबाखू? घरात कुणाला शुगर, बीपी? एकेका प्रश्नाला ती माउली अशी उत्साहानं उत्तरं देत होती, की मला वाटलं, काय जागरूक कुटुंब आहे! "पोराला कसलं येसन नाय, ठळक लिवा." मी ठळक लिहिलं. मुलाच्या वडिलांनी भाताची कणगी उघडून काकांना आत हात घालायला लावला. संमतीपत्रावर न वाचताच सही करताना मुलगा लाजला. संमतीपत्रावर लाजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चुलीवर गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. मंगळवारी हे? मी मनात म्हटलं, मुरबाडकर मजेत आहेत.

भात उतरला, काका काटा शून्यावर आणत होते, आणि अंगणात गाडी थांबली. मुलीचे वडील उतरले आणि मागून तिची आत्या. आत्या म्हणजे काय सांगू, नुसती नजर टाकली की दूध नासावं. आत आली तर ओटीवर परकी बाई, परका बुवा, आणि काट्यावर भाकरी.

"ह्ये कोण?" आत्यानं विचारलं.

"तुमचीच माणसं ना?" मुलाची आई म्हणाली.

मुलानं कपाळावर हात मारला. त्याला निरोप आठवला होता. मला हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. काकांनी माझ्याकडे इतकं रागानं पाहिलं, की मी आणखी हसले. कशीबशी मी आत्याला सगळी हकिगत सांगितली. मुलाच्या आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. सोयरीक मोडली तर गावात काय तोंड दाखवायचं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि माझं हसू तिथंच आटलं.

आत्या खाली बसली. "म्हंजे कोन किती खातं ते वजन करताय? करा. आमाला पन बगायचंय."

मुलाच्या वडिलांचं ताट काट्यावर चढलं, मग मुलाचं. भरगच्च. मग मी नेहमीसारखं विचारलं, "आणि मावशी, तुमचं?"

"माझं काय गो, मी मागनं खाते. समद्यांचं झाल्यावर."

"रोज?" आत्यानं विचारलं.

"रोजच. बायामानसांचं तसंच."

"मग आमची पोर पन मागनंच खाईल," आत्या म्हणाली, आणि पदर सावरून उठायला लागली.

मग मुलगा उठला. आतून एक ताट आणलं आणि वाढायला लागला. जन्मात कधी वाढलं नव्हतं ते दिसतच होतं. भाताचा डोंगर, त्यावर कोंबडीचे चार तुकडे, रस्सा काठावरून खाली. ते त्यानं काट्यावर ठेवलं. काट्याला तेवढं वजन पेलेना, तो नुसता किंचाळला. काका पहिल्यांदाच खो-खो हसले.

"येवढं कोन खाईल रे मेल्या!" आई म्हणाली.

"बस तू. आमच्यासंगं."

ती बसली. सगळ्यांच्या देखत पहिला घास उचलला, आणि न फुंकताच तोंडात घातला. चटका बसला. तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी आणून ती हातानं वारा घेत राहिली. चुलीवरनं उतरलेला भात किती गरम असतो, हे तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

आत्या हसली नाही. तिनं आपला पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "सावकाश, विहीणबाई."