आक्काच्या वहीत न लिहिलेलं

परभणीला आमच्या कॉलेजच्या शिपायानं वर्गाच्या दारात येऊन "मॅडम, वालूरहून फोन आहे," असं सांगितलं, तेव्हा मी फळ्यावर पालेभाज्यांतल्या चोथ्याचे फायदे लिहीत होते. फोनवर भाचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला आणि रडायला लागला. सेलूला गाडी बदलून मी पोचले तोवर दुपार कलली होती. ओसरीवरच्या बायकांपैकी एक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "खाऊन-पिऊन लय सुखाची होती बाई तुझी बहीण!" त्या बिचारीचा काही दोष नाही, गावाला दिसलं तेच ती बोलली. पण त्या वाक्यानं माझं रडू जे आटलं, ते आज दीड महिना झाला तरी आलेलं नाही. मनासारखं रडता आलं असतं तर हे लिहायला बसले नसते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणारच नाही. जी जिवंत आहेत त्यांच्याबद्दल बोलणार आहे, आणि पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती त्या घरात पोचेल याची तजवीजही मी केली आहे. वाचा म्हणावं सावकाश, चष्मा लावून.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं माहेर चारठाण्याचं, तिचं सासर वालूरचं. आई लवकर गेल्यामुळं मला वाढवलं ते तिनंच, स्वतः चौथीतून शाळा सोडून. चारठाण्याच्या पडक्या देवळांच्या दगडांवरून ती अशी पळायची की गावातली पोरं मागं पडायची. लग्नात तर इतकी काटकुळी की शालू अंगावर ठरेना, बायकांनी पिना लावून लावून बसवला. आणि त्याच आक्काला पंधरा-वीस वर्षांनी तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, चार पावण्यांसमोर काय म्हणायचे? "हिला गाडीत बसवलं की बैल मागं वळून माझ्याकडं बघतेत." सगळे खो-खो हसायचे. आक्काही पदर तोंडाला लावून हसायची आणि आत जायची. मी तिच्या मागं आत गेले की ती चुलीपुढं पाठ करून बसलेली असायची, आणि तोंड काही दाखवायची नाही.

मग साखर निघाली. पायाला जखम झाली ती महिना महिना भरेना. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर आणि वजन उतरलं नाही तर पाय जाईल, आणि पायावर थांबलं तर नशीब समजा. हातात एक छापील कागद दिला. टोस्ट, सफरचंद, साय काढलेलं दूध... आक्का एस.टी.त बसल्यावर मला म्हणते, "शैले, सफरचंद वालूरला कुठं मिळायलंय गं? कुणी भेटायला येताना आणलं तर." मी तो कागद फाडून खिडकीबाहेर टाकला. गृहविज्ञान शिकवते मी, म्हटलं माझ्या बहिणीचा आहार मी ठरवीन! ज्वारीची दीड भाकर, घट्ट वरण, मेथी-चुका-अंबाडी, काकडी, ताक. सगळं त्यांच्याच शेतातलं, त्यांच्याच चुलीवरचं. आणि एक दोनशे पानी वही दिली. तोंडात जाईल ते यात लिहायचं, असं बजावलं. तीन महिने तिनं चौथीच्या गोल अक्षरात ती वही लिहिली. वही बघावी तर पोट भरून कौतुक करावं अशी, आणि वजन मात्र चार किलोनं वाढलेलं.

मी चिडले. नको ते बोलले. "आक्के, खोटं कशाला लिहितेस? मला फसवून काय मिळायलंय तुला? पाय तुझा जाणारंय!" ती घाबरून म्हणाली, "देवाशप्पथ सांगते शैले, ताटात घेतलं ते समदं लिवलंय म्या." मी चहासुद्धा न घेता निघाले. ती तो दुखरा पाय ओढत दारापर्यंत आली होती... ज्यांना मी माफ करणार नाही त्यांच्यात मीही आहे, हे इथंच सांगून टाकते.

खरं काय ते मला कळलं कांताबाई सिस्टरकडून. ही गावच्या दवाखान्यातली नर्स, तिथल्याच बौद्धवाड्यातली. आक्काच्या पायाची पट्टी तीच बदलायची. त्या घरात तिचं औषध चालायचं, पाऊल चालायचं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत तर गावात एकमेकांशी बोलणं बंद झालेलं, तरी ती यायची, आणि आक्काच्या सासूबाई तिला मागच्या दारी, मोरीपाशी बसवायच्या. त्या घरातलं जे मला पुढच्या खोलीत पाटावर बसून कधी दिसलं नाही, ते तिला तिथून रोज दिसायचं. "मॅडम, तुमी ताटच मोजायलात," ती म्हणाली, "पंगत उठल्यावर काय व्हतंय ते बगा की."

मी बघितलं. त्या घरचा नेम असा, की शिळी भाकर म्हशीला चालते, पण तूप लागलेलं, गोड, तळलेलं अन्न जनावरापुढं टाकायचं नाही. लक्ष्मी रुसते! मग ते जाणार कुठं? पोरांनी सोडलेली तूप-पोळी, पातेल्याच्या बुडाचा शिरा, दाजींच्या ताटातला तूपभात, सगळं मोरीपाशी उकिडवं बसून आक्का संपवायची. स्वतःचं जेवण झाल्यावर, दोन्ही वेळा, वीस वर्षं. मी म्हटलं, "आक्के, हे वहीत का नाही लिहिलंस?" तिला माझंच नवल वाटलं. "आगं, ते खाणं थोडंच हाय? ते आवरणं हाय."

मला पुस्तकं येत होती. माणूस आपलं खाणं लिहितो तेव्हा नेहमी कमीच लिहितो, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. लाजवलं की माणूस चोरून जास्त खातो, एकदम दहा गोष्टी बदलायला सांगितल्या तर एकही टिकत नाही, आणि घर बदलल्याशिवाय एकट्या माणसाची सवय सुटत नाही, हेही शिकवलेलं. पण आमच्या विषयाच्या कुठल्याच पुस्तकात मोरी नव्हती. मी सासूबाईंसमोर आणि दाजींसमोर हात जोडले. एकच मागितलं, की ज्यानं त्यानं लागेल तेवढंच वाढून घ्यावं आणि आपलं ताट आपण पुसून उठावं. आणि खरं सांगते, नऊ आठवडे त्यांनी ते पाळलं. साखर उतरली, जखमेवर खपली धरली, आक्का चप्पल घालून मारुतीपर्यंत चालत जाऊन आली! त्या दिवशी तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

मग भाच्याचं लग्न निघालं, घरात गोडाधोडाचा सुकाळ झाला, आणि सासूबाई म्हणाल्या, "असली शिकवण तुमच्या परभणीतच ठेवा." दाजी हसून म्हणाले, "बाईनं नवऱ्याच्या ताटातलं टाकलं, मग राहिलं काय?" बस्स, संपलं. मी फोनवर आरडाओरडा केला तर आक्का म्हणे, "जाऊ दे गं, रोज रोज कोण भांडंल?" जखम पुन्हा उघडली, विष अंगात पसरलं, आणि माझी पळणारी बहीण बावन्नाव्या वर्षी गेली. खाऊन-पिऊन सुखाची!

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. बुंदी, पुऱ्या, मठ्ठा. पावणे ओसरीवर पान लावत बसले आणि मी हात धुवायला मागं गेले, तर मोरीपाशी सुमन, सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली आक्काची सून, उष्ट्या बुंदी-पुऱ्यांची परात पुढं घेऊन उकिडवी बसलेली. माझ्या शेजारीच पोटभर जेवली होती ती पोरगी. "हे काय करायलीस?" मी विचारलं. "आजींनी सांगितलंय," ती खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई गेल्या, आता हे मलाच बगायचंय म्हने."

मी तिच्या पुढची परात उचलली, तशीच ओसरीवर नेली आणि सगळ्या पावण्यांदेखत दाजींच्या पुढं ठेवली. सासूबाई आतून ओरडल्या, "आगं, आज तरी तमाशा करू नकोस!" मी म्हटलं, "दाजी, हे संपवा." ते इकडंतिकडं बघून हसले. "काय शैलाबाई... पोट भरलंय आमचं."

"तिचंबी रोज भरलेलंच असायचं."

कुणी मध्ये पडलं नाही. दाजींनी बुंदीचा एक घास उचलला, मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला तशी सुमन तांब्या घेऊन धावली. तो मी तिच्या हातातून काढून घेतला, आणि परात रिकामी होईपर्यंत माझ्याच हातात धरून उभी राहिले.