बत्तीसचा कडता

उदाराम माझा सख्खा धाकटा भाऊ. गावचा तलाव आमच्या आज्यानं बांधला, पण घरात पाटीवरचं गणित पहिल्यांदा आलं ते उदारामलाच. सातवी पास! सडक अर्जुनीच्या बाजारात तो पुढे आला की व्यापारी काटा सरळ धरत. असा भाऊ तालुक्यात दुसरा दाखवा.

एकोणसाठच्या जेठात ग्रामसेवकानं त्याच्या हाती दोन वस्तू दिल्या. एक जुनं पत्रक : धानाचं बियाणं एकशे तीस डिग्रीच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, रोग मरतो. दुसरी, पाणी किती तापलं ते मोजायची काचेची नळी. ती नव्या मापाची, तिच्यात शंभराच्या पुढे फारसे आकडेच नव्हते.

"पत्रकातली डिग्री फॅरनहाइटची, नळीतली सेंटिग्रेडची," ग्रामसेवक म्हणाला. "आधी बत्तीस वजा कर, मग पाचानं गुणून नवानं भाग." आणि सायकलवर बसून कोहमाऱ्याकडे निघून गेला.

मी घरोघरी सांगत फिरलो, माझा भाऊ बियाण्याचा रोग मारून देते म्हणून. बारा घरांचं बियाणं आमच्या अंगणात आलं. शेजारच्या सुकरामनं तर अडीअडचणीला राखून ठेवलेलंही आणलं.

उदारामनं कोळशानं भिंतीवर हिशेब मांडला. एकशे तीस. खाली बत्तीस.

"हे बत्तीस कशाचे बे?" मी विचारलं.

"वजा कराचे हायेत, भाऊ."

"कायले?"

कायले, ते ग्रामसेवकानं सांगितलंच नव्हतं.

"व्यापारी पोत्यामागं धान कापते, तसा कडता हाये हा. घरच्या पाण्यावर कडता कोण देते?" मी म्हणालो.

अंगणात जमलेले लोक हसले. सुकराम म्हणाला, "बरोबर बोलते बकाराम. कापणाऱ्याचं आयकू नोको."

"पण भाऊ, त्यानं सांगतलं होतं..."

"तो पगारी माणूस. पुस ते!"

उदाराम हातात फडकं घेऊन उभाच राहिला. त्याचं मन आतून नाही म्हणत होतं. पण बारा घरं बघत होती, आणि चारचौघांत मोठ्या भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं बत्तीस पुसले. मग एकशे तीस पाचानं गुणले, नवानं भागले. बहात्तर आले. चोपन्न यायला पाहिजे होते.

कढईतलं पाणी बहात्तरला आलं तशी पहिली टोपली बुडाली. उदारामनं बोट घातलं आणि झटकन काढलं.

"लय गरम हाये, भाऊ."

"रोग गरमानंच मरते. टाक."

संध्याकाळपर्यंत बाराही घरांचं बियाणं निघालं. पोत्यांत भरून तणसाच्या पेंढ्याखाली दाबून ठेवलं, मोड यायला.

तिसऱ्या दिवशी तणस सारलं. एकाही दाण्याला मोड नव्हता. आंबूस वास सुटला होता. सुकरामनं दाणा चिमटीत दाबला, तो पिठासारखा फुटला.

"भात शिजवून ठेवला बे तुनं," तो म्हणाला. "मिरग येऊन राहिला, आता का पेरू? राख?"

उदाराम त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोक्याचं मुंडासं काढून घरातून निघाला. पहिलं दार सुकरामचं.

"बत्तीस काढाचे मी विसरलो, काका. चूक माही हाये."

सुकराम सारं जाणत होता. तरी तो उदारामच्या पायापुढं थुंकला आणि दार लावून घेतलं. उदाराम पुढच्या दाराशी गेला, तिथंही तेच बोलला. असा तो बाराही दारं फिरला. मी त्याच्या मागं चार पावलांवर चालत होतो. माझं तोंड उघडलं नाही.