जिला परत पाठवायचं होतं

तेव्हा मी अमरावतीच्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात नको असलेले केस काढायचं लेझर मशीन चालवायची. डॉक्टरीणबाई अकोल्याहून आठवड्यातून दोनदा येत. लेझर कोणाला करायचं नि कोणाला नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. केस काळे, राठ हवेत. पांढऱ्यांवर उपयोग होत नाही. पाळी अनियमित असेल तर आधी तपासण्या. आणि उन्हानं रापलेल्या कातडीला मशीन लावायचंच नाही, भाजते.

एका दुपारी चांदूर बाजारकडची एक मुलगी एकटीच आली. वय बावीस-तेवीस, हनुवटीवर दाट केस, गाल उन्हानं काळवंडलेले. कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं कोणाला झेपत नव्हतं. वेचायला घरचेच जात.

"दोन-तीन महिने उन्हात जाऊ नको, मंग ये," मी म्हणाले.

"मी वावरात नाई गेली तं कापूस कोन वेचन, ताई? पंधरा दिवसांनी पाहुने येऊन राहिले मले पाहाले. आधीचे दोन जन हनवटी पाहूनच उठून गेले."

ती रडली नाही. नुसती बाकावर बसून राहिली. तिची बस गेली, तरी बसून होती. डॉक्टरीणबाईंचा तो दिवस नव्हता. शेवटी मीच तिला आत घेतलं. मशीन अगदी कमीवर ठेवलं. केस जळाल्याचा वास रोजचाच. त्या दिवशी त्यात दुसरा एक वास मिसळला.

"दुखून राहिलं का?"

"नाई. करा तुमी."

तिसऱ्या दिवशी ती परत आली, तेव्हा जबड्याभर फोड होते. डॉक्टरीणबाईंनी उपचार केले. मला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

पाहुण्यांना घरच्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. महिन्याभरानं मी तिच्या गावी गेले. दारात ती तोंड न झाकता उभी. जबड्यावर काळे पट्टे.

"चूक माही होती," मी म्हणाले.

"तुमी कावून रडता? म्याच तं म्हटलं होतं."

तिनं चहा दिला. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "डाग गेले का मंग राहिलेले केस काढसान ना, ताई?"

मी हो म्हणाले.

ती कधी आली नाही. पुढच्याच वर्षी मी ते काम सोडलं. अजूनही अनोळखी मुलगी शेजारी येऊन बसली, की माझी नजर आधी तिच्या जबड्याकडे जाते.